विश्वचषक: स्वारगेट ते गहुंजे

पुरुषांचा क्रिकेट विश्वचषक १९७५ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. आठ संघ, साठ षटकांचा डाव, पांढरे कपडे, लाल चेंडू. एकदिवसीय सामना कसा खेळायचा हे तेव्हा अनेकांना उमगायचे होते. लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ धावांना उत्तर देताना सुनील गावसकर १७४ चेंडूंत ३६ धावा काढून नाबाद राहिले.

पहिल्या तिन्ही स्पर्धा इंग्लंडमध्येच झाल्या. १९८३ साली भारत जिंकला आणि १९८७ ची स्पर्धा भारत-पाकिस्तानात आली. इकडे दिवस लहान, म्हणून षटके पन्नास झाली. पुण्यात स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर इंग्लंडने श्रीलंकेला आठ गडी राखून हरवले. श्रीलंकेने त्या वेळी सहाच्या सहा सामने गमावले होते. १९९६ साली चषक त्यांनीच नेला.

त्या १९९६ च्या स्पर्धेत संघ बारा झाले. केनिया पहिल्यांदाच खेळत होता. २९ फेब्रुवारीला नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडीजसमोर त्यांचा डाव १६६ धावांत आटोपला, त्यातही अवांतर धावा कोणत्याही फलंदाजापेक्षा जास्त. निकाल ठरल्यासारखाच होता. मग रजब अलीच्या चेंडूवर ब्रायन लाराच्या बॅटची कड लागली. यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हातून तोवर चेंडू निसटत होते. हा मात्र निसटला नाही. लारा आठ धावांवर गेला, वेस्ट इंडीजचा डाव ९३ वर संपला. विश्वचषकातले एवढे धक्कादायक निकाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

२००३ साली केनिया उपांत्य फेरीत पोहोचला. २००७ साली संघ सोळा झाले, पण भारत आणि पाकिस्तान पहिल्याच फेरीत गारद झाले. प्रक्षेपणाचा पैसा ज्यांच्यावर उभा, तेच घरी परतले. पुढे संघ कमी होत गेले आणि २०१९ साली दहावर आले. नवख्यांना सर्वाधिक गरज होती तेव्हाच दार अरुंद झाले.

२०११ साली भारताने वानखेडेवर चषक जिंकला, पण पुण्याच्या वाट्याला सामना आला नाही. हिंजवडीपासून काही किलोमीटरवर, द्रुतगती मार्गालगतचे गहुंज्याचे मैदान २०१२ साली खुले झाले. त्याचा आराखडा ब्रिटिश वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेचा.

२०२३ साली तिथे पाच सामने झाले. बांगलादेशविरुद्ध विराट कोहलीने षटकार मारला. शतक आणि विजय एकाच फटक्यात आले. अफगाणिस्तानने श्रीलंकेला सात गडी राखून नमवले. मिचेल मार्शने नाबाद १७७ धावा कुटल्या. वेस्ट इंडीज मात्र कुठेच नव्हता: पात्रता फेरीत स्कॉटलंडकडून हरल्यामुळे विश्वचषकाबाहेर राहण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. केनियाही नव्हता.

२०२७ ची स्पर्धा दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात व्हायची आहे. तिच्यासाठी संघांची संख्या पुन्हा चौदा ठरली आहे.