जुन्या गाण्यांना दिशा

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेले आहे. भांडी घडविणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत कोणी डोळे मिटून उभा राहिला, तरी त्याला आजूबाजूच्या पुष्कळ गोष्टी कळतात. डावीकडच्या घरात हातोड्याचे ठोके पडत आहेत, उजवीकडे कोणी पत्रा कापीत आहे आणि मागून एक सायकल घंटा वाजवीत येत आहे, हे तो न पाहता सांगू शकतो. एवढेच नव्हे, तर सायकलीला वाट देण्यासाठी कोणत्या बाजूला सरकावे, हेही त्याला कळते. आवाजाला दिशा असते आणि ती दिशा मनुष्याला ओळखता येते, म्हणूनच हे घडते.

हे ज्ञान मनुष्याला होते कसे? याचे रहस्य त्याच्या दोन कानांत आहे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने जातो. डावीकडून आलेला ठोका प्रथम डाव्या कानावर पडतो आणि मग डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत पोहोचतो. या दोहोंमधील अंतर फार तर सेकंदाचा दीड हजारावा भाग भरते. शिवाय मध्ये डोके आड येत असल्यामुळे दूरच्या कानाला तो आवाज थोडा मंद ऐकू येतो. वेळेतील आणि जोरातील हा सूक्ष्म फरक मेंदू टिपतो आणि त्यावरून आवाजाची दिशा ठरवितो. एक कान बोटाने बंद केला की ही शक्ती बरीच कमी होते.

जुन्या काळच्या ध्वनिमुद्रणाला मात्र एकच कान होता. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गायिकेसमोर एक मोठा कर्णा ठेवलेला असे. पुढे कर्ण्याची जागा विजेच्या मायक्रोफोनाने घेतली. 1931 साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत प्रदर्शित झाला आणि चित्रपटगीतांचे युग सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे गायक आणि वाद्यवृंद यांचे मुद्रण एकाच वेळी, एकाच पट्टीवर होत असे. ज्याचा आवाज ठळक हवा त्याला मायक्रोफोनाजवळ आणि ज्याचा मंद हवा त्याला दूर बसवीत. एकाने चूक केली की सर्वांना गाणे पुन्हा आरंभापासून गावे-वाजवावे लागे. अशा मुद्रणाला एकमार्गी किंवा मोनो मुद्रण म्हणतात.

1955 आणि 1956 या वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ती छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांच्या त्या चाली महाराष्ट्राने अशा एकमार्गी आवाजातच प्रथम ऐकल्या. भंडाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या नागपूरला 1948 साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले होते. त्या केंद्राचे कार्यक्रमही घरातल्या रेडिओच्या एकाच ध्वनिवर्धकातून ऐकू येत. गाणारा, तबला, बासरी, टाळ्या वाजविणारे श्रोते असे सारेच जणू एका लहानशा खिडकीतून बाहेर डोकावत. गाण्याची गोडी त्यामुळे कमी होत नसे. परंतु कोण कोठे बसला आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता.

ही उणीव दूर करण्याचा उपाय ॲलन ब्लुमलाइन या तरुण इंग्रज अभियंत्याने शोधून काढला. चित्रपट पाहताना नट पडद्याच्या एका बाजूस आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले, असे सांगतात. डिसेंबर 1931 मध्ये त्याने आपल्या शोधाच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला. दोन मायक्रोफोनांनी दोन आवाज टिपावे, ते तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर वेगवेगळे कोरावे आणि दोन ध्वनिवर्धकांतून ऐकवावे, अशी त्याची कल्पना होती. यालाच द्विमार्गी किंवा स्टिरिओ मुद्रण म्हणतात. 1942 साली युद्धकाळात रडारची चाचणी घेत असताना झालेल्या विमान अपघातात ब्लुमलाइन मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, म्हणजे 1958 च्या सुमारास, स्टिरिओ तबकड्या पाश्चात्त्य बाजारात सर्रास मिळू लागल्या.

नवी गाणी दोन मार्गांनी मुद्रित होऊ लागली, तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. जी उत्तमोत्तम गाणी पूर्वीच एका मार्गाने मुद्रित झाली आहेत, त्यांचे काय करावे? त्यांचे गायक वृद्ध झाले होते किंवा जगात नव्हते. मग जुन्या गाण्यालाच दिशा देता येईल काय, याचे प्रयत्न सुरू झाले. हे प्रयत्न मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार युक्तीचा होता. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही तबकड्यांवर जुन्या गाण्याचे खर्जातले सूर एका बाजूला आणि वरचे सूर दुसऱ्या बाजूला पाठविण्यात आले. कधी एक बाजू दुसरीपेक्षा किंचित उशिरा वाजविण्यात आली. त्यामुळे आवाज पसरल्यासारखा भासे, पण कोणतेही वाद्य आपल्या जागी बसत नसे. गायकाच्या कंठातही खर्ज आणि तार दोन्ही असतात. ते दोन बाजूंस गेल्यामुळे एकाच माणसाचा आवाज दुभंगल्यासारखा वाटे. अशी तबकडी एका ध्वनिवर्धकावर लावली, तर उशिराने आलेला आवाज मूळ आवाजाचे काही सूर खोडून टाकी आणि गाणे पोकळ ऐकू येई.

दुसरा प्रकार नव्या वादनाचा होय. 1960 साली मुंबईच्या मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’ प्रदर्शित झाला. त्याचा संपूर्ण रंगीत अवतार 2004 च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा त्याच्या ध्वनीचेही नव्याने संस्करण करण्यात आले. मूळ संगीतकार नौशाद त्या वेळी हयात होते. संगीतकार उत्तम सिंग यांच्या साहाय्याने वाद्यवृंद पुन्हा वाजविण्यात आला आणि गायकांचे मूळ आवाज मात्र तसेच राखण्यात आले. ज्याने चाल बांधली त्याच्याच देखरेखीखाली हे काम झाले, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य होय. असे भाग्य प्रत्येक गाण्याला लाभत नाही. 1980 नंतरच्या काळात जुन्या गाण्यांवर ढोलाचे व यांत्रिक तालाचे ठोके चढवून ‘झंकार’ या नावाने कॅसेटी निघाल्या. पानाच्या ठेल्यांवर आणि रिक्षांमध्ये त्या मोठ्या हौसेने वाजत. परंतु मूळ ठेका नव्या गजराखाली दडून जाई, आणि ज्या वादकांनी तो ठेका एके काळी धरला होता, त्यांचे श्रम ऐकू येईनासे होत.

तिसरा प्रकार अलीकडचा असून तो सर्वांत विलक्षण आहे. हंसापुढे दूध आणि पाणी एकत्र ठेवले, तर तो पाणी सोडून दूध घेतो, अशी कविकल्पना आहे. एकमेकांत मिसळलेले आवाज वेगळे करणे हे या नीरक्षीरविवेकाइतकेच अशक्य मानले जात असे. आता ते काम संगणक करू लागला आहे.

संगणक प्रथम गाण्याचा एक नकाशा तयार करतो. त्यात डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची आणि रंगाच्या गडदपणाने आवाजाचा जोर दाखविलेला असतो. पेटीचा स्वर सेकंदाला 250 कंपनांचा असेल, तर त्याच्याबरोबर 500, 750, 1000 अशा कंपनसंख्यांचे उपस्वरही उमटतात. म्हणून नकाशात पेटीच्या स्वराच्या जागी एकावर एक सरळ आडव्या रेषा दिसतात. गायकाच्या स्वराच्या रेषाही आडव्याच असतात. पण मींड आणि कंप यांमुळे त्या लाटांप्रमाणे हलतात. तबल्यावरील थाप क्षणात उमटून विरते, म्हणून ती उभ्या रेघेसारखी दिसते. ज्या गाण्यांतील गायन आणि वाद्ये वेगवेगळी मुद्रित झालेली आहेत, अशी असंख्य गाणी संगणकाला पुरविली जातात. त्यांवरून कोणती आकृती कोणाची, हे तो शिकतो. मग अनोळखी गाण्याच्या नकाशातून तो गायकाचा भाग एकीकडे आणि वाद्यांचा भाग दुसरीकडे काढून देतो.

2019 साली फ्रान्समधील एका संगीत-कंपनीने असे एक साधन सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. 2022 साली बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या 1966 च्या गीतसंग्रहाचे नवे स्टिरिओ रूप याच मार्गाने सिद्ध झाले. जॉन लेनन या त्यांच्या गायकाने 1970 नंतरच्या दशकात घरी एका साध्या कॅसेटवर एक गाणे म्हणून ठेवले होते. त्यात त्याचा आवाज पियानोच्या आवाजात बुडालेला होता. तो आवाज वेगळा काढून 2 नोव्हेंबर 2023 रोजी ‘नाऊ अँड देन’ या नावाने ते गाणे प्रसिद्ध करण्यात आले. गायकाच्या मृत्यूला तोवर त्रेचाळीस वर्षे होत आली होती.

तथापि या साधनालाही मर्यादा आहेत. सारंगी मनुष्याच्या गळ्याचे अनुकरण करते. म्हणून सारंगी कोठे संपली आणि गायिका कोठे सुरू झाली, हे ओळखणे यंत्राला कठीण जाते. ज्या नमुन्यांवर यंत्र शिकले, त्यांत सारंगी किंवा शहनाई नसेल, तर त्याची फसगत अधिकच होते. एका वाद्याचा अंश दुसऱ्याच्या वाट्याला जातो आणि कंठ पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. म्हणून अखेरचा निर्णय यंत्राचा नसून जाणत्या कानाचा असावा लागतो.

काम प्रामाणिक झाले की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. समजा, तबल्याचा सत्तर टक्के आवाज डावीकडे आणि तीस टक्के उजवीकडे ठेवला. बासरीचा त्याच्या उलट ठेवला. आणि गायकाचा दोन्हीकडे सारखा वाटला. जो थोडा आवाज कोणत्याच भागात बसला नाही, तोही टाकून न देता मध्यभागी ठेवला. आता डावी आणि उजवी बाजू एकत्र केली, तर प्रत्येकाचे शंभर टक्के भरून मूळ एकमार्गी गाणे जसेच्या तसे परत मिळाले पाहिजे. ते मिळाले, तर काही गळाले नाही आणि बाहेरचेही काही मिसळले नाही, हे सिद्ध होते. वाण्याने धान्य दोन पोत्यांत भरले तरी दोहोंचे वजन मूळ राशीइतकेच भरले पाहिजे, तसाच हा हिशेब आहे.

पण या कसोटीने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्या दिवशी तबलजी खरोखर डावीकडे बसला होता काय? मूळ मुद्रणात याची नोंदच नसते. मुद्रणप्रसंगीचे छायाचित्र असेल किंवा एखाद्या वादकाची आठवण असेल, तर तिचा आधार घेता येतो. एरव्ही दिशा ही संस्करण करणाऱ्याने दिलेली असते. म्हणून असे गाणे ‘नवे संस्करण’ म्हणूनच श्रोत्यांपुढे ठेवले पाहिजे आणि मूळ मुद्रण त्याच्या शेजारी राखले पाहिजे. साधने वर्षावर्षाला सुधारत आहेत. आज जे वेगळे करता येत नाही, ते उद्या येईल. मात्र त्यासाठी मूळ मुद्रण शिल्लक असावे लागते.

ही गोष्ट केवळ मोठ्या शहरांतील नामांकित गाण्यांपुरती नाही. भंडारा जिल्हा हा झाडीपट्टीचा भाग आहे. दिवाळीनंतर येथे गावोगाव मंडई भरते आणि दंडारीचे खेळ होतात. झाडीबोलीतील गाणी पिढ्यानपिढ्या तोंडातोंडी चालत आली आहेत. कॅसेटचे यंत्र हाती आल्यावर अशा खेळांचे आवाज कोणी हौसेने टिपले असतील, तर ते बहुधा एकाच मायक्रोफोनाने. त्यात गाणाऱ्याचा आवाज, ढोलकीची थाप आणि प्रेक्षकांची गडबड एकमेकांत मिसळलेली असते. मोठ्या चित्रपटाच्या गाण्याच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी असतात; अशा कॅसेटीची मात्र एखादीच प्रत असते. ओलाव्याने फितीला बुरशी लागते, तिच्यावरील चुंबकीय थर झडू लागतो आणि मग कोणताही संगणक हरपलेला आवाज परत आणू शकत नाही.

म्हणून अशा कॅसेटी कोरड्या जागी ठेवाव्यात. त्यांची संगणकावर पूर्ण प्रत करून घ्यावी आणि गाणारा कोण, गाव कोणते, साल कोणते, हे तीवर लिहून ठेवावे. त्या प्रतीत काटछाट करू नये. सुधारणा करायची ती दुसऱ्या प्रतीवर करावी. आज कोणी वृद्ध गायकाचे गाणे मुद्रित करीत असेल, तर दोन मायक्रोफोन वापरावेत, म्हणजे दिशेची नोंद आपोआप होईल आणि पुढच्या पिढीला ती तर्काने ठरवावी लागणार नाही. जुन्या गाण्याला दिशा देणारा हा पूर्वीच्या कलावंतांच्या ठेवीचा राखणदार असतो. ठेव सजवून दाखविण्याची त्याला मुभा आहे, पण तिच्यातील एक मणीही बदलण्याचा अधिकार नाही.