टीव्हीचा इतिहास लिहायचा, पण पुरावा कोणाच्या कपाटात?

मुरबाड तालुका २०१६ या एकाच वर्षी दोनदा टीव्हीवर झळकला. ८ मार्चला फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साडी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या म्हाताऱ्या देशोदेशीच्या वाहिन्यांनी दाखवल्या. त्याच वर्षी डिसेंबरात धसई हे राज्यातील पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून गाजले आणि कॅमेरेवाल्यांच्या गाड्या धसईच्या रस्त्याला लागल्या.

उद्या याच तालुक्यातील एखाद्या मुलीने 'टीव्हीने ग्रामीण ठाणे जिल्हा कसा दाखवला' हा विषय पीएच.डी.साठी घेतला, तर तिने कोणत्या ग्रंथालयाची पायरी चढावी? धसईच्या बाजारात येणाऱ्या कातकरी मजुराला त्या वेळी कोणी विचारले होते काय, की बाबा रे, रोजची मजुरी तुझ्या हातात कशी पडते? की फक्त दुकानदाराच्या हातातले कार्डाचे यंत्रच दाखवले? हे तपासायचे तर ती दृश्ये पाहावी लागतील. ती मागितली तर हक्काने मिळतील असे ठिकाण ना तालुक्यात आहे, ना राज्यात.

पुस्तकांचे तसे नाही. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह अन्य नेमलेल्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात. पुढे वृत्तपत्रेही त्यात आली. टीव्हीवरील कार्यक्रमांना मात्र हे बंधन नाही. खासगी वाहिन्यांनी प्रक्षेपित मजकूर ९० दिवस जपावा एवढाच सरकारी नियम. एक्क्याण्णवाव्या दिवशी तो ठेवायचा की पुसायचा, ही मालकाची मर्जी.

बांधवांनो, हा हिशेब खैरलांजीला लावून पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. माध्यमांनी आठवडेच्या आठवडे डोळे मिटून घेतले आणि समाज रस्त्यावर उतरल्यावर ते उघडले, असे आपण सभेसभेत सांगतो. ते खरेच आहे. पण कोणत्या वाहिनीने कोणत्या दिवशी किती मिनिटे दिली आणि कोणते शब्द वापरले, हे तारीखवार मांडायचे तर त्या नियमाची मुदत केव्हाच संपली. पुरावा आरोपीच्या कपाटात आणि किल्लीही त्याच्याच कमरेला, अशी ही अवस्था आहे.

सरकारी दूरदर्शन तरी वेगळे आहे काय? मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'आमची माती आमची माणसं' सारखा कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी होता. त्या मातीतला भूमिहीन माणूस पडद्यावर किती वेळा आला, हा संशोधनाचाच विषय आहे. प्रसार भारती कायद्याच्या कलम १२ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या साहित्याचे ग्रंथालय स्थापून चालवणे हे महामंडळाचे काम म्हणून लिहिलेले आहे. जुने काही कार्यक्रम आता यूट्यूबवर टाकले जातात, हे चांगलेच आहे. पण काय टाकायचे हे निवडणारे तेच. संशोधकाला निवडलेले नको, सगळे हवे. यादी हवी, तारीख हवी.

जगात हे झालेले आहे. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून रात्रीच्या राष्ट्रीय बातम्या मुद्रित करून ठेवायला सुरुवात केली, कारण वाहिन्या स्वतः त्या जपत नव्हत्या. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने टीव्हीचे कार्यक्रमही पुस्तकांप्रमाणे जमा करणे बंधनकारक केले. आपल्याकडे विद्यापीठांत पत्रकारितेचे विभाग निघाले, पण हे काम कोणी अंगावर घेतले नाही.

पुरावा जपण्याचे मोल आपल्या चळवळीला कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आज खेड्यापाड्यातील तरुण मोबाईलवर ऐकतो, कारण ती कोणीतरी जपली. ७ डिसेंबर १९५६ च्या अंत्ययात्रेची दृश्ये आपल्याला दिसतात, कारण नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून ती चित्रित केली. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच कागद न् कागद गोळा केला, म्हणून बारा खंडांचे चरित्र उभे राहिले. यांपैकी कोणीही सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. सरकारकडे मागायचे ते हे : १९५४ च्या कायद्यात टीव्हीचा समावेश करा, प्रसार भारतीने आपल्या संग्रहाची संपूर्ण सूची खुली करावी, आणि १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या तालुका वाचनालयांत ती दृश्ये पाहण्याची सोय व्हावी. फांगण्याच्या आजीचे चित्र जगाने पाहिले. ते तिच्या नातवाला मुरबाडच्या वाचनालयात मागून मिळाले पाहिजे.

आणि आपण करायचे ते हे : आंबेडकरी दैनिकांच्या फायली रद्दीत घालू नका. टीव्हीने जे दाखवले नाही त्याचा पुरावा टीव्हीच्या संग्रहात मिळणार नाही, तो याच फायलींत, वाचकांच्या पत्रांत आहे. मुरबाड-शहापूरच्या वस्त्यांत भीमजयंतीच्या मिरवणुकीच्या, परिषदांच्या, घरी टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी माळ्यावर पडून असतील. इथल्या पावसाच्या दमटपणात त्यांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. बुद्धविहारातील एक कपाट, एक वही आणि संगणक जाणणारे दोन तरुण एवढ्यावर काम सुरू होते. कॅसेट कोणाची, कोणत्या तारखेची, कोणत्या वाहिनीवरची, एवढी नोंद वहीत करा आणि तिची संगणकावर प्रत काढा.

'आम्हाला दाखवले नाही' ही तक्रार आपण पन्नास वर्षे करीत आलो. ती सिद्ध करणारा संशोधक आपल्या घरात तयार होतो आहे. त्याच्या हातात कागद आणि कॅसेट देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जय भीम!