संशय नको, पुरावा हवा

रहस्यकथांची आवड आपल्या घरांना नवी नाही. उर्दू जाणणाऱ्या घरांत आजोबांच्या पिढीने इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ वाचली. १९५२ साली सुरू झालेल्या त्या मालेतले फरीदी आणि हमीद घरच्या माणसांसारखे ओळखीचे झाले होते. मराठी वाचणाऱ्या घरांत बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड एसटीच्या प्रवासात सोबतीला असत. आता मुले मोबाइलवर इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या खुनांच्या मालिका पाहतात. शांत गाव, जुनी दगडी घरे, प्रत्येक अंगणात फुलझाडे, आणि पहिल्या दहा मिनिटांत एक प्रेत. पोलिस गोंधळतात, आणि गावातलेच कोणीतरी साधे माणूस खुनी शोधून काढते.

या साऱ्या गोष्टींची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल. १९३० साली आलेल्या पहिल्या कादंबरीपासून ही अविवाहित वृद्ध बाई सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहते, विणकाम करते, बाग सांभाळते. तिच्याजवळ ना पिस्तूल, ना अधिकार. तिची भिस्त एकाच गोष्टीवर आहे: ती गाव ओळखते. नवा माणूस भेटला की तिला गावातला एखादा जुना माणूस आठवतो, आणि त्यावरून ती स्वभाव ताडते.

आमच्या मनात प्रश्न आला, ही मिस मार्पल आपल्या कारेगावात राहायला आली तर तिचे काय होईल?

कारेगाव हे शिरूर तालुक्यातले, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे, रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेले गाव. तिथे फ्रीजपासून मोटारीपर्यंत सारे तयार होते. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून माणसे कामाला येतात. भाड्याच्या खोल्या, तीन पाळ्या, कंपनीच्या बसगाड्या. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो आणि दिवसपाळीचा रात्री. शेजारच्या खोलीत कोण राहते हे सहा महिने कळत नाही. इथे मिस मार्पलला कोणाकडे पाहून कोणाची आठवण यावी?

गावाची जुनी व्यवस्था

या भागात माग काढण्याची पद्धत मात्र फार जुनी आहे. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदाराचे काम सविस्तर आले आहे. चोरी झाली की राखणदार चोराची पाऊले ओळखत माग काढी. माग दुसऱ्या गावात गेला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपे. मग दुसरा राखणदार पुढे निघे. ज्या गावापर्यंत माग स्पष्ट लागला, ते शेवटचे गाव चोरीच्या मालाला जबाबदार धरले जाई.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राखणदाराला ‘मला अमक्यावर संशय आहे’ एवढे म्हणून सुटता येत नव्हते. पाऊल दाखवावे लागे, आणि ते पाहून समोरच्या गावच्या माणसालाही पटावे लागे.

पुणे भागात हे काम बहुतेक रामोशी समाजाकडे होते. पुढे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि देशभरातल्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी समाजाचे नाव आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण केली, त्यांच्याच वाट्याला संशय आला. एका माणसाच्या गुन्ह्याचा शिक्का साऱ्या समाजावर मारला की काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आज गाव आणि पोलिस ठाणे यांच्यामधला दुवा म्हणजे पोलिस पाटील. पूर्वी पाटीलकी वंशपरंपरेने चाले. महाराष्ट्र ग्राम पोलिस अधिनियम, १९६७ नंतर पोलिस पाटील नेमला जाऊ लागला. तो गावातलाच रहिवासी असतो. गुन्ह्याची किंवा संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणे आणि तपासात मदत करणे हे त्याचे काम. इंग्लंडच्या गोष्टीतल्या हौशी गुप्तहेराचा आपल्याकडचा खरा नातलग शोधायचा तर तो हाच. फरक एवढाच की याला कायद्याची चौकट आहे.

सदऱ्याची साक्ष

पुराव्यावरून सत्य ओळखण्याची गोष्ट आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत, फक्त तिच्याकडे या नजरेने पाहिलेले नसते. ती सूरह यूसुफमध्ये आहे.

भावांनी यूसुफ (अ.) यांना विहिरीत टाकले आणि त्यांच्या सदऱ्याला खोटे रक्त लावून तो वडिलांपुढे ठेवला. लांडग्याने खाल्ले म्हणाले. याकूब (अ.) यांनी त्या रक्तावर विश्वास ठेवला नाही. हा लांडगा मोठा समजूतदार दिसतो, मुलाला खाल्ले पण सदरा फाडला नाही, असे ते म्हणाल्याचे भाष्यकार सांगतात. पुढे मिसरमध्ये यूसुफ (अ.) यांच्यावर आळ आला. आळ घेणारी बाई सत्ताधाऱ्याची पत्नी, आणि ज्याच्यावर आळ आला तो विकत आणलेला परका मुलगा. तेव्हा बाईच्याच घरातल्या एका साक्षीदाराने कसोटी सांगितली. सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा मागून फाटलेला निघाला.

या प्रसंगात आम्हांला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. साक्षीदार बाईच्या नात्यातला होता, तरी त्याने नाते बाजूला ठेवले. आणि त्याने कसोटी आधी सांगितली, सदरा नंतर पाहिला. आधी गुन्हेगार ठरवायचा आणि मग त्याला शोभेल असा पुरावा शोधायचा, ही आपली रोजची सवय आहे. ती इथे नेमकी उलटी केली आहे.

हेरगिरी आणि साक्ष

इस्लामने शेजाऱ्याची खबरबात ठेवायला सांगितले आहे, पण त्याच्या घरात डोकवायला मनाई केली आहे. सूरह हुजुरातमध्ये वाईट गुमान, तजस्सुस आणि गीबत या तिन्हींना एकाच आयतीत रोखले आहे. संशय आला की माणूस हेरगिरी करतो, आणि हेरगिरीतून हाती आलेले तो चार ठिकाणी सांगतो. त्याच सूरहमध्ये, कोणी बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा, असाही आदेश आहे. नाहीतर अजाणता एखाद्या गटाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल.

आदरणीय उमर (र.) यांच्याविषयी एक प्रसिद्ध कथा सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून गाण्याचा आवाज आला, म्हणून ते भिंत चढून आत उतरले आणि घरमालकाला गुन्हा करताना पकडले. तो माणूस म्हणाला, माझी चूक एक असेल, आपल्या तीन झाल्या. हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि परवानगी व सलाम यांशिवाय आत शिरलात. खलिफांनी ते मान्य केले आणि परत फिरले.

मिस मार्पलची खिडकीतून पाहण्याची खोड गोष्टीत गोड वाटते, कारण तिचा अंदाज शेवटच्या पानावर बरोबर ठरेल याची काळजी लेखिकेने घेतलेली असते. आपल्या गल्लीत अशी लेखिका नसते. इथे अंदाज चुकला तर ज्याच्यावर बोट दाखवले त्याची मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत जाते.

राईनपाडा विसरू नये

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होते. जमावाने या पाच जणांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथेच मारून टाकले. ते मुले पळवणारे नव्हते.

त्या दिवशी जमावातल्या अनेकांना आपण गुन्हेगार पकडला असेच वाटले असेल. मोबाइलवर आलेला निरोप हाच माग, अनोळखी चेहरा हाच पुरावा. दोनशे वर्षांपूर्वीच्या राखणदाराला निदान पाऊल तरी दाखवावे लागत होते.

कारेगावसारख्या गावात हा धोका जास्त आहे, कारण तिथे बहुतेक चेहरे अनोळखी आहेत. खोली भाड्याने मागायला गेल्यावर नाव ऐकताच मालकाचा चेहरा बदलतो, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांनी घेतला आहे. मग आपल्याच वाड्यात बिहारहून आलेला पोरगा राहायला आला की आपण त्याच्याकडे तशाच नजरेने पाहतो का, हेही स्वतःला विचारायला हवे.

आपल्या हाती काय आहे

गुन्हा दिसला किंवा खात्रीलायक कळला तर गप्प बसणे बरोबर नाही. साक्ष लपवू नये ही कुरआनची शिकवण आहे. ११२ या क्रमांकावर फोन करावा, पोलिस पाटलांना सांगावे. जागा, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवावा. घटनास्थळी कशाला हात लावू नये, गर्दी करू नये. जेवढे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. ‘मला वाटते’ आणि ‘मी पाहिले’ यांत फरक ठेवावा. कोणाचा फोटो ‘हा चोर आहे’ म्हणून पुढे पाठवू नये, मग तो मामाने पाठवलेला असो की मशिदीच्या ग्रुपवर आलेला असो. घर भाड्याने दिले असेल तर भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी, आणि ती सर्वांची द्यावी, नाव पाहून नव्हे.

आणि शेजाऱ्याची ओळख करून घ्यावी. मिस मार्पल गुन्हे सोडवू शकली ती माणसे ओळखत होती म्हणून. शेजारच्या खोलीत एक ताट पाठवले, तो कोणत्या गावचा, घरी कोण कोण, एवढे विचारले, की अनोळखी चेहऱ्याला नाव मिळते. उद्या गल्लीत अफवा उठली तर ‘थांबा, मी याला ओळखतो’ असे म्हणणारा एक माणूस तिथे असेल. राईनपाड्यात त्या पाच जणांना तसे म्हणणारे कोणी मिळाले नाही.