पहिला पगार : नियुक्तिपत्रातील आकडा आणि हाती येणारी रक्कम

विद्यापीठाचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "नोकरी लागली का? पगार किती?" मुले वार्षिक आकडा सांगतात, आईवडील त्याला बाराने भागतात आणि त्या हिशेबावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता, धाकट्या भावंडांची फी, घराची डागडुजी यांची आखणी सुरू होते. महिनाअखेरीस बँकेत जमा झालेली रक्कम पाहून मात्र सर्वांचाच हिरमोड होतो. अनेकदा यात कोणी फसवलेले नसते. नियुक्तिपत्र नीट वाचलेले नसते, एवढेच.

आकड्याच्या पोटात काय असते?

खाजगी कंपन्या जो वार्षिक आकडा सांगतात त्याला 'सीटीसी' म्हणतात. त्या कर्मचाऱ्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च, असा त्याचा अर्थ आहे. तो सगळाच्या सगळा पगार नव्हे.

उदाहरण म्हणून ३,६०,००० रुपयांचे नियुक्तिपत्र घेऊ. बाराने भागल्यास महिना ३०,००० रुपये होतात. समजा, त्यात मूळ वेतन १५,००० आहे. त्यावर १२ टक्के दराने कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी १,८०० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० रुपये, आरोग्य विम्याचा हप्ता ४८० रुपये आणि कामगिरीवर अवलंबून वर्षाअखेरीस मिळू शकणारी रक्कम दरमहा २,००० रुपये धरली, तर ५,००० रुपये येथेच वजा झाले. उरलेल्या २५,००० मधून कर्मचाऱ्याचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो. हाती येतात २३,००० रुपये. मुलगी असेल तर तिच्या हाती २३,२०० येतील, कारण २०२३ पासून राज्यात २५,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे.

कापलेले सारेच वाया जात नाही. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात. बाकीचे ५५० आणि कर्मचाऱ्याचे १,८०० त्याच्या खात्यात व्याजासह साठतात. नोकरी बदलताना ही रक्कम काढून खर्च करण्याचा मोह होतो. ती नव्या खात्यात वर्ग करून घेणे हिताचे असते.

केवळ सुरुवात पाहू नये

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांत नवोदित अभियंत्याचा वार्षिक आकडा गेली अनेक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला आहे. महागाई वाढत गेल्यामुळे त्याचे खरे मोल घटले. म्हणून दोन-तीन वर्षांत काय शिकावयास मिळेल आणि पगार कोठवर जाईल, हे विचारणे अधिक महत्त्वाचे.

सरकारी बँकांची वाट आपल्या मुलांनी अगदीच सोडून देऊ नये. मार्च २०२४ च्या वेतन करारानुसार अधिकाऱ्याचे आरंभीचे मूळ वेतन ४८,४८० रुपये, तर लिपिकाचे २४,०५० रुपये ठरले. महागाई भत्ता आणि इतर भत्ते त्यावर वेगळे. अधिकारीपदाच्या परीक्षेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. सर्वसाधारण वयोमर्यादा २० ते ३० वर्षे असल्याने तयारी पदवीच्या काळातच सुरू करावी.

ज्यांना लगेच नोकरी मिळत नाही त्यांच्यासाठी १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली प्रशिक्षणाची सोय आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवारास दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले. रक्कम थोडी, तरी वर्षभराचा अनुभव आणि प्रमाणपत्र पदरी पडते.

सही करण्यापूर्वी

पुढील बाबी लेखी विचारून घ्याव्यात : दरमहा हाती नेमके किती येणार? परिविक्षा काळ किती महिन्यांचा? नोकरी सोडताना किती दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागेल? मुदतीपूर्वी सोडल्यास भरपाईची अट आहे काय? पदवीची मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत; पडताळणी करून ती लगेच परत घ्यावीत. नोकरी देण्यासाठी अनामत वा नोंदणीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे.

प्रवासखर्चही हिशेबात धरावा. वसई-विरारहून रोज अंधेरी किंवा चर्चगेट गाठणाऱ्याचे कित्येक तास लोकलमध्ये जातात. जवळच्या ठिकाणी दोन हजार कमी मिळत असतील, पण वाचलेल्या वेळात पुढील शिक्षण होत असेल, तर ती नोकरी कमी प्रतीची ठरत नाही.

पालकांना एक विनंती. शेजारच्या मुलाच्या आकड्याशी आपल्या मुलाची तुलना करू नये. तो आकडाही बहुधा सीटीसीचाच असतो. त्याऐवजी नियुक्तिपत्र हाती येताच घरातील सर्वांनी एकत्र बसून ते ओळीने वाचावे. कर्जाचा हप्ता आणि घरखर्च हाती येणाऱ्या रकमेवरच ठरवावा.