स्मार्ट काच कडेला बिघडते

चंद्रपुरात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांपलीकडे जातो. गडचिरोलीत पावसाळाभर हवा दमट. इथे स्मार्ट काचेची, म्हणजे वीज दिल्यावर दुधाळाची पारदर्शक होणाऱ्या द्रवस्फटिक खिडकीची, खरी परीक्षा कडेला होते. तिच्यातल्या दोन वाहक फिल्ममधला द्रवस्फटिकाचा थर जेमतेम २० मायक्रॉनचा. त्यात धुळीचा कण अडकला तर शॉर्टसर्किटचा धोका. कडेतून ओल शिरली तर वीज देऊनही काठाचा पट्टा दुधाळच राहतो. धूळ कारखान्यातल्या क्लीनरूममध्ये रोखता येते, ओल मात्र वर्षानुवर्षे आत येऊ पाहते. कड बंद करणे हे बसवणाऱ्याचे काम, असे उत्पादक म्हणतील. अर्धे खरे आहे ते. पण उघड्या कडेची फिल्म विकणे हाही उत्पादनातलाच दोष. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर कडेला नकोच, त्यातून सुटणारे आम्ल फिल्मला बाधते. काच घेताना न्यूट्रल सिलिकॉनचाच आग्रह धरा.