बहुवारिक स्थानांतरणाचे सदृशीकरण

बहुवारिकाची (पॉलिमरची) लांब साखळी तिच्या आकारापेक्षा कितीतरी अरुंद छिद्रातून पलीकडे जाते, या क्रियेला बहुवारिक स्थानांतरण म्हणतात. संगणकावर तिची नक्कल करून साखळीला लागणारा वेळ व तिची चाल अभ्यासणे म्हणजे या क्रियेचे सदृशीकरण होय. सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्याची उपमा येथे नेहमी दिली जाते, पण ती अपुरी आहे. दोरा स्वतःहून हलत नाही, तर रेणूसाखळी उष्णतेमुळे सतत वळवळत असते. छिद्रात शिरताना तिला असंख्य संभाव्य आकार सोडून द्यावे लागतात आणि एन्ट्रॉपीचा अडथळा निर्माण होतो.

१९९६ मध्ये कॅसियानोविच, ब्रँटन, डीमर व सहकाऱ्यांनी अल्फा-हिमोलायसिन या प्रथिनाच्या छिद्रातून विद्युतदाबाच्या साहाय्याने आरएनएच्या साखळ्या ओढून दाखविल्या. साखळी आत असताना आयनांचा प्रवाह घटतो. या घटीवरून क्रम वाचण्याची कल्पना पुढे डीएनए-वाचक उपकरणांत उतरली.

==पद्धत==
प्रत्येक अणू विचारात घेतल्यास काळाची पायरी सुमारे २ फेमटोसेकंद ठेवावी लागते, म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पायऱ्या. म्हणून बहुधा अनेक अणूंच्या गटाऐवजी एक मणी धरतात, मणी स्प्रिंगने जोडतात आणि द्रावकाचे धक्के लँजव्हँ समीकरणातील यादृच्छिक बलाने दाखवितात. एका धावेवरून काहीच ठरत नाही. हजारो स्वतंत्र धावांची सरासरी घ्यावी लागते. अशा धावा अनेक प्रक्रियकांवर सहज वाटता येतात. समांतर गणनेची ही वाट भारतात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' या महासंगणकाद्वारे रुळविली.

==वेळेचा वाद==
साखळीत 'न' मणी असतील, तर ओढीशिवाय पार होण्याचा काळ 'न'च्या वर्गाच्या प्रमाणात असावा, असे एक आरंभीचे अनुमान होते. त्यात साखळीचा प्रत्येक भाग क्षणोक्षणी समतोलात असतो, असे गृहीत होते. चुआंग, कँटर व कार्डर यांनी यातील विसंगती दाखविली. द्रावकाच्या प्रवाहाचा परिणाम वगळल्यास मोकळ्या साखळीलाही स्वतःच्या आकाराएवढे सरकण्यास 'न'च्या सुमारे २.१८ व्या घाताएवढा काळ लागतो. मग छिद्रामुळे अडलेली साखळी त्याहून लवकर कशी पार होईल? द्विमितीत हा घात २.५ होतो, आणि त्यांच्या द्विमितीय सदृशीकरणात तोच आढळला.

बल लावल्यास चित्र बदलते. साकाउए यांच्या मांडणीनुसार ओढ साखळीभर एकदम पोहोचत नाही. छिद्राजवळचा भाग ताणला जातो आणि ताण हळूहळू मागे सरकतो, तोवर दूरच्या मण्यांना ओढीची दखलही नसते.