बोटाला कळणारं माप

"आधी सांगा, किक मारलासा का?"

मेस्त्रींचा हा पहिला प्रश्न. गाडीकडे त्यांनी नंतर पाहिलं. ऑगस्ट २०१९ चे ते दिवस. पूर नुकताच ओसरला होता. शाहूपुरीतल्या आमच्या घराखाली उभी असलेली माझी बुलेट पाच दिवस पाण्यात होती. शेजारची दोन पोरं हाताला घेऊन मी ती ढकलत शिवाजी उद्यमनगरच्या कडेला असलेल्या त्यांच्या गॅरेजपर्यंत आणली होती. ब्रेकच्या ड्रममधून वाळू रगडल्यासारखा आवाज येत होता, सायलेन्सरमधून गढूळ पाणी ठिबकत होतं आणि हेडलाइटच्या काचेमागे अर्ध्यावर पाण्याची रेघ दिसत होती.

"नाही मारली," मी म्हणालो.

"मग वाचली गाडी."

या प्रश्नाचं मोल त्या आठवड्यात निम्म्या कोल्हापूरला कळलं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. घरात परतलेल्या माणसाचा हात सवयीने गाडीच्या किल्लीकडे जातो. पण इंजिनात पाणी असताना किक मारली, तर पिस्टन वर येताना त्याच्यासमोर हवा नसते, पाणी असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आणि तो नाही वाकला तरी गाळाचे कण पिस्टन आणि बोअरच्या मध्ये सापडून आतल्या भिंतीवर चरे पाडतात. पुरातून आलेल्या गाडीवर पहिला उपचार म्हणजे तिला हात न लावणं.

माझी बुलेट १९८६ ची आहे, साडेतीनशे सीसीची. रॉयल एनफील्ड हे मूळचं इंग्लंडमधल्या रेडिचचं नाव. १९५५ साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून बुलेट निघत राहिली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, इकडे मात्र तेच इंजिन किरकोळ फेरबदलांसह २०१० च्या सुमारापर्यंत तयार होत होतं. बोअरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. बोअर अरुंद आणि प्रवास लांब, म्हणून इंजिन संथ आणि ठोका ठळक. अठरा अश्वशक्ती म्हणजे आजच्या हिशेबाने फार नव्हे, पण मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना पिशव्या असताना ही गाडी घाट एका लयीत चढते. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर उचलायचा, पुढचे तीन खाली दाबायचे. नवी गाडी चालवणारा माणूस हिच्यावर बसला की पहिल्या चौकात ब्रेक म्हणून गिअर दाबतो.

हिच्या सिलिंडरचा ब्लॉक बिडाचा आहे. कोल्हापुरात बीड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये हेच ओतलं जातं. त्याच्याही आधी उद्यमनगरमध्ये ऑइल इंजिनं बनत होती. नदीकाठाहून उसाला पाणी चढवायला आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवायला लागणारी ती इंजिनं एका सिलिंडरची, संथ चालणारी, बिडाच्या अंगाची. त्यांच्या पोटापाण्यासाठी इथे बोअर करणारे, क्रँक घासून देणारे, स्लीव्ह बसवणारे, व्हॉल्व्हच्या सीटा कापणारे कारागीर तयार झाले. बुलेट या शहरात आली तेव्हा तिचं माहेर आधीच नांदत होतं. दुसऱ्या एखाद्या गावात अशा गाडीचा भाग कुरिअरने मागवावा लागतो. इथे मेस्त्री ब्लॉक गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधतात आणि दोन गल्ल्या पलीकडे घेऊन जातात.

इंजिन उघडलं त्या दिवशी मी सकाळपासून तिथे होतो. आधी प्लग काढला. मग खालचा बोल्ट सैल करून तेल सोडलं. ते दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. बुलेटमध्ये तेलाची टाकी इंजिनच्याच अंगात, क्रँकच्या मागे असते. एक पंप तिथून तेल उचलून क्रँकला देतो, दुसरा खाली गळलेलं तेल गोळा करून परत पाठवतो. त्यामुळे पाणी एका जागी शिरलं तरी सगळीकडे पोचतं. मेस्त्रींनी दोन्ही पंप उघडले, डिझेलच्या ताटात धुतले आणि बोटांच्या चिमटीत धरून फिरवून पाहिले. त्यांचा शिकाऊ पोरगा सतरा-अठरा वर्षांचा होता. नट निघेल तसा तो जुन्या बिस्किटांच्या डब्यात टाकत होता. मेस्त्रींनी त्याला थांबवलं. "एकात सगळं टाकू नगं. हेडचं हेडला, टायमिंगचं टायमिंगला." मग फरशीवर खडूने इंजिनाची आकृती काढली गेली आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी जाऊन बसला.

हेड उचललं. ब्लॉक वर ओढून घेतला. आतल्या भिंतीवर, पिस्टन जिथे थांबला होता तिथे, तांबूस रेघांचं एक कडं उमटलं होतं. रिंगा आणि बीड पाच दिवस ओले होऊन एकमेकांना चिकटून राहिले, त्याचा तो गंज. बिडामध्ये ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात. ते स्वतः वंगणाचं काम करतात आणि तेलही धरून ठेवतात, म्हणून बिडाचा बोअर वर्षानुवर्षं झिजत नाही. पण पाणी लागलं तर हेच बीड दोन दिवसांत गंजतं. मेस्त्रींनी त्या कड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. "बोअर करावाच लागंल," ते म्हणाले.

मग त्यांनी कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरला. बाजूला हलवला तेव्हा तो थोडा सरकला. वर-खाली ओढून पाहिला तेव्हा जागचा हलला नाही. त्यांनी मलाही धरायला लावलं. "आडवा हलला तर हलू दे. उभा हलला तर क्रँक उघडायची." माझ्या हाताला काहीच लागलं नाही आणि त्या 'काहीच नाही'ने मोठा खर्च वाचवला.

बोअरच्या दुकानात कारागिराने आधी नवा पिस्टन मागितला. बोअर पुस्तकातल्या मापाने कापायचा नसतो, हातातल्या पिस्टनच्या मापाने कापायचा असतो, कारण दोन पिस्टन तंतोतंत सारखे नसतात. पिस्टनला मायक्रोमीटर लावून आकडा त्याने खडूने ब्लॉकवरच लिहिला. मग डायल गेज आत सोडून वर, मध्ये आणि खाली, अशी तीन ठिकाणी, दोन-दोन दिशांनी मापं घेतली. सगळ्यात जास्त झीज वरच्या टोकाला निघाली. तिथे रिंगा क्षणभर थांबून उलट्या फिरतात, उष्णता जास्त असते आणि तेल कमी पोचतं. मशीनवर ब्लॉक चढला, हत्यार हळूहळू खाली उतरत गेलं आणि बिडाचा काळा भुसा खालच्या ट्रेमध्ये साचू लागला. अॅल्युमिनियमची लांब चकचकीत गुंडाळी निघते, बिडाची भुकटी होते. शेवटी होनिंगचे दगड आत फिरले. चकचकीत झालेली भिंत त्यांनी पुन्हा मंद केली आणि तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उठवल्या. नव्या रिंगांना बसायला आणि तेलाला थांबायला त्या रेघा लागतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवली तर तेल टिकत नाही.

जोडणीला तीन दिवस लागले. घाई कशाचीच नव्हती. गॅरेजसमोर पुरातून आलेल्या गाड्यांची रांग होती आणि मेस्त्री एका वेळी एकच इंजिन उघडत होते. त्या रांगेतल्या पुष्कळ नव्या गाड्या वायरिंगपाशी अडल्या होत्या. त्यांचा मेंदू असलेली छोटी काळी डबी बिघडली की ती बदलायची, दुरुस्त करता येत नाही. माझ्या गाडीची ठिणगी पॉइंट नावाच्या दोन धातूच्या टिकल्यांवर चालते. त्या पॉलिश पेपरने घासल्या, पुसल्या आणि मध्ये फिलर गेजची पट्टी घालून ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचं अंतर ठेवलं. अल्टरनेटरची कॉइल मात्र चार दिवस उन्हात वाळवावी लागली.

सगळ्यात शेवटी टॅपेट. कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दोन उभ्या सळ्या, म्हणजे पुश रॉड, बुलेटमध्ये ब्लॉकच्या बाजूने वर जातात. त्यांची खालची टोकं एका छोट्या झाकणामागे असतात. झाकणाला एकच नट. इंजिन थंड हवं, पिस्टन दाबाच्या फेऱ्यात अगदी वर हवा. अशा वेळी सळी दोन बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. घट्ट राहिली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटणार नाही आणि जळेल. सैल राहिली तर टकटक वाजेल आणि ठोकून ठोकून झिजेल. या मापाला गेजची पट्टी नाही. मेस्त्रींनी नट आवळला, सळी फिरवली, पुन्हा पाव फेरा सोडला, पुन्हा फिरवली. मग पोराला बोलावलं. पोराने बोट लावलं. मग मला.

"काय वाटतंय?"

"फिरतेय."

"फिरतीय ते खरं. पर तेलातनं फिरल्यागत फिरतीय का सुकी?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी नट मुद्दाम एक कण आवळला आणि पुन्हा बोट लावायला सांगितलं. आता फरक कळला. मग एक कण सैल करून दाखवला. तोही कळला. "ह्या दोघांच्या मधलं ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "लिहून घ्याया येत न्हाई ते. बोटाला कळतंय."

किक मारायचीही एक रीत आहे. स्विच चालू करायचा आणि किक हळूहळू खाली न्यायची. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा अँप मीटरचा काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. तो मध्यावर आला की डीकॉम्प्रेसरची तार ओढून आतली हवा सोडायची, पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, तार सोडायची, किक वर घ्यायची आणि मग पूर्ण वजन टाकायचं. दुसऱ्या किकेला इंजिन धरलं. मेस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवली. डोळे मिटून ते टायमिंगकडून क्लचकडे सरकले. मग हेडकडे तेल नेणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट अर्धा फेरा सैल केला. तेल पाझरलं. पंप चालत होता. बोल्ट आवळून त्यांनी हात पुसले.

पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या पुढे जायचं नाही असं ठरलं. ते मी पाळलं. पन्हाळा, जोतिबा, राधानगरी, परत घर. दर फेरीनंतर वहीत आकडा, भरलेलं तेल आणि नवा आवाज असेल तर त्याची नोंद. पहिलं तेल दोनशे किलोमीटरला बदललं, त्यात धातूची चमक होती. दुसऱ्या वेळी कमी होती. तिसऱ्या वेळी शोधावी लागली.

जानेवारी २०२० मध्ये पहिला लांबचा प्रवास काढला, गगनबावडामार्गे कोकणात. बालिंग्याचा पूल ओलांडला की ऊस सुरू होतो. कळे मागे पडल्यावर दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात. पंचावन्न किलोमीटरचा रस्ता मी दीड तासात केला. असळजनंतरच्या चढावर मात्र इंजिनातून एक बारीक टकटक यायला लागली. गाडी गडगडत असताना ती दुसऱ्या कुणाला ऐकू आली नसती. मेस्त्रींनी आवळलेल्या त्या मधल्या मापाला आता हजारांहून जास्त किलोमीटर झाले होते. नव्या जोडणीतले भाग एकमेकांत बसतात तसं हे माप थोडं सुटतंच.

त्या रात्री गगनबावड्यात मुक्काम केला. गरम इंजिनावर टॅपेट पाहता येत नाही, म्हणून सकाळ होईपर्यंत थांबणं भाग होतं. उजाडताना धुकं इतकं होतं की खोलीच्या दारातून गाडी दिसत नव्हती. टाकी दवाने भिजली होती, ब्लॉक बर्फासारखा गार. मी पाना काढला, झाकणाचा एकुलता नट सोडला आणि काटा मध्यावर येईपर्यंत किक हाताने खाली नेली. बोट आत घातलं. एक सळी हवी तशी फिरली. दुसरी फिरली, आणि नखाएवढं वर-खाली हलली.

लॉक नट सोडून पाव फेऱ्याच्याही आत आवळलं. बोट लावलं. सुकी. एक कण मागे. पुन्हा लावलं. या वेळी सळी तेलातून फिरल्यासारखी फिरली. मी डोळे मिटून आणखी दोनदा फिरवली, कारण विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

झाकण लावलं, नट आवळला, हात दवावर पुसले. दुसऱ्या किकेला इंजिन धरलं आणि टकटक गेली होती. करूळ घाटाच्या तोंडाशी धुकं फाटायला लागलं, तशी मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली आणि उतरायला सुरुवात केली.